कोणी वापरतंय का?

भाईंदरला जाणाऱ्या बसमध्ये तो पालीला चढायचा आणि बहुतेक माझ्याच शेजारी बसायचा. लॅपटॉप मांडीवर उघडायचा. खड्डा आला की मांडीवरचं मूल पडू नये म्हणून धरावं, तसा डावा हात त्याच्यावर आडवा धरायचा.

एकदा विचारलं, "ऑफिसचं काम?"

"न्हाय. फुकटचं हाय."

मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण जुन्या हार्ड डिस्क ज्याच्यामुळे कम्प्युटरला ओळखता येतात, तो ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम हा माणूस वर्षानुवर्षं एकटा सांभाळत होता. कम्प्युटरचा गाभा, म्हणजे कर्नल, सारखा बदलतो. बदलला की हा आपला तुकडा पुन्हा त्यात बसवून द्यायचा. आता कर्नलवर काम करणारे बाकीचे म्हणत होते, हा ड्रायव्हर कोणी वापरत नसेल, काढून टाकू. म्हणून त्यानं सगळीकडे मेल टाकून विचारलं होतं, कोणी वापरतंय का?

"आलं उत्तर?"

"एक पण न्हाय. पण नीट चालत असलं तरी कोण लिहीत न्हाय, आणि कोणाला नको असलं तरी कोण लिहीत न्हाय. मला इथून दोन्ही सारखंच दिसतं."

शेवटी त्यानं तो ड्रायव्हर स्वतःच काढून टाकला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नव्हता. उत्तन रोडवर खड्डा आला, आणि त्याचा डावा हात रिकाम्या मांडीवर आडवा गेला.

नंतर तो बसमध्ये दिसला नाही. नाव कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे चौकशी तरी कुणाकडे करणार? काही कानावर आलं नाही, म्हणजे बरा असेल, असं मी धरून चाललोय.