साडूंनी ठेवलेलं पाणी

माझ्या साडूंइतका लाजाळू माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. माणसांना ते लाजत नाहीत, चुकांना लाजतात. बेलापूरला आम्ही शेजारी राहतो आणि एकाच कॉलेजात शिकवतो. मी मराठी, ते रसायनशास्त्र. रेणूंची चित्रं दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. बाकीचे लोक त्यात माऊसने रेणू फिरवतात. साडू मात्र तो जरा डावीकडे वळवायचा असला तरी आत पायथनची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत ओळीओळीने लिहिलेले हुकूम, चालवणार. ती अडून चूक दाखवणारी लाल अक्षरं उमटली की खांद्यावरचा टॉवेल झटकन मॉनिटरवर टाकणार आणि कोणी पाहिलं का म्हणून मागे बघणार. त्यांच्याकडे चहाला गेलं की टॉवेल कुठे आहे यावरूनच मला त्यांचा दिवस कसा गेला ते कळतं.

दुसरी खोड पाण्याची. प्रोटीनच्या चित्रात पाण्याचे रेणूही असतात, लाल ठिपक्यांसारखे. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून सगळे सुरुवातीलाच ते काढून टाकतात. साडू मूळचे मिरजगावचे, टँकरच्या रांगेत वाढलेले. "पानी टाकून द्यायचं म्हनलं की माझा हातच चालत न्हाई," म्हणतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रोटीनला कांजिण्या आलेल्या असतात.

यंदा त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या एम.एस्सी. प्रोजेक्टची परीक्षा होती; एक औषध प्रोटीनला कुठे चिकटतं ते तिला चित्रात दाखवायचं होतं. पोरगी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची, भाताच्या खाचरातली. तिने स्क्रिप्टमध्ये एक ओळ लिहून रीतसर पाणी काढलं होतं. साडूंना राहवलं नाही. परीक्षेच्या सकाळी तिला न सांगता त्यांनी तिच्या लॅपटॉपवरची ती ओळ खोडली. पोरीने सगळ्यांसमोर स्क्रिप्ट चालवली आणि तिचं औषध ठिपक्यांत बुडालं.

"ह्यात औषध कुठं आहे?" परीक्षकांनी विचारलं. ती चित्र उलटसुलट फिरवून शोधू लागली. तेवढ्यात साडू उठले आणि सवयीने त्यांनी तिच्या लॅपटॉपवर टॉवेल टाकला. हॉल हसला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरीनं पानी काढलं हुतं," साडू खाली बघत म्हणाले. "मी परत आनलं. मार्क कापायचे तर माझे कापा." मग सगळं पाणी काढणारी ती ओळ त्यांनीच पुन्हा लिहिली. औषध दिसलं, पोरगी पास झाली. साडू मात्र कितीतरी दिवस कुणाला तोंड दाखवेनात.

ती पोरगी पेढे आणि लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो आणि ते आत दडले होते. आत ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "सर, मी नंतर नीट बघितलं. औषधाला प्रोटीनशी धरून ठिवनारा एक रेणू पान्याचाच हाय. बाकीचं काढलं, तेवढा ठिवलाय."

साडू बाहेर आले. तिच्या लॅपटॉपवरच्या त्या एकुलत्या लाल ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग टॉवेल स्वतःच्याच तोंडावर घेतला.

"त्या दिवशी ती ओळ परत लिवली तवा ह्यो बी मीच काढून टाकला गं," ते टॉवेलाआडून म्हणाले.

 पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच राहिला.