मामांना कंठ फुटला

माझ्या मामांइतका अबोल माणूस अख्ख्या नव्या मुंबईत नव्हता, आणि पुढे त्यांच्याइतका बोलकाही कुणी उरला नाही. मधे फक्त एक ऑपरेशन झालं.

मामा मूळचे साताऱ्याकडचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात व्यापाऱ्यांच्या मालाला ट्रक लावून द्यायचा त्यांचा धंदा. ड्रायव्हर, हमाल, व्यापारी दिवसभर घसा फोडत. मामा ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ या दोन शब्दांवर सगळा कारभार रेटत. लग्नातला उखाणा हेच त्यांचं शेवटचं लांबलचक वाक्य, असं माझी आई म्हणे. पन्नाशीत त्यांना कंपवात जडला. हात थरथरू लागला, पाऊल उचलेना, चेहरा लाकडासारखा झाला. आमटीची वाटी तोंडापर्यंत पोचेना, म्हणून चारचौघांत जेवणंही त्यांनी सोडलं. बोलले मात्र काहीच नाहीत.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी मेंदूत बारीक तारा घालून छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवण्याचं नवंच ऑपरेशन सुचवलं. ते झालं, करंट सुरू केला आणि हात थांबला! मामींनी देवापुढे साखर ठेवली. पुढच्या काही आठवड्यांत मामांना कंठ फुटला.

“इंजिन जुनंच हाय, बॅटरी नवी टाकलीया,” असं सांगत ते बाजारभर हिंडू लागले. प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून बायकापोरांची चौकशी करत. पहाटेच उठून आम्हा सगळ्यांना फोन करत आणि स्वप्नं सांगत. एका संध्याकाळी वरातीहून परतणारा अख्खा बँड त्यांनी चहाला घरी आणला. मोठा ढोल दारातच अडकला. “लाजताय कशापायी? वाजवा की!” मामा म्हणाले. तक्रार घेऊन आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हातात त्यांनी खुळखुळा दिला; ते बिचारे चहा येईपर्यंत इमानेइतबारे वाजवत उभे राहिले.

आम्ही खूप हसलो. मग एका सकाळी मामा कुणाला न सांगता बाजारातला एक ट्रक घेऊन निघून गेले. मी आणि मामी शोधत गेलो तेव्हा घाटात एका ढाब्यावर ते मजेत गप्पा मारत बसले होते. ट्रकची एक बाजू कठड्याला घासून सोलवटली होती.

“मामा, कठडा नसता तर?”

“तर दरी बघितली आसती. लय भारी दिसती म्हनं!”

मामींनी आधी ट्रकची किल्ली काढून घेतली.

डॉक्टर म्हणाले, करंटनं कधीकधी मनही असं उधळतं. कमी करून बघू, हात मात्र पुन्हा थोडा हलेल. मामी म्हणाल्या, “हलू द्या. पन सायेब, त्यास्नी पार गप करू नगा.” डॉक्टर म्हणाले, “तेवढं नेमकं माझ्या हातात नाही, वहिनी.”

करंट कमी केला आणि मामा पुन्हा शांत झाले. एकदा मी भेटायला गेलो, तर ते गॅलरीत रस्त्याकडे बघत बसले होते. मामींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, “बॅटरी जोरात व्हती त्या दिवसांत त्ये मला म्हनले, तुला बघाया आलो तवा तू दारामागनं हसलीस, तितंच मी पसंत केलं. इतकी वर्सं मला वाटायचं, थोरल्यांनी सांगितलं म्हनून केली मला.”

“मग आता विचारा की, खरं होतं का ते.”

“इचारलं. काल.”

“काय म्हणाले?”

मामी पदरानं भांडं पुसत राहिल्या. “म्हनले, हिरवं लुगडं व्हतं तुजं. बॅटरीला काय ठावं?”

बाहेर मामा एक हात दुसऱ्यानं धरून बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो.