लाथ खाणारा जावई

ओतकामाच्या शेडमध्ये वाळूचे साचे सुकवायला पिंपाची उंच शेगडी आहे. पोटात कोळसा, वर धुराडं. तिला सगळे 'जावई' म्हणतात. नव्या माणसाला त्याचं कारण सांगायचं काम मी आपणहून अंगावर घेतलंय. असली कामं मी दुसऱ्याला देत नाही.

शेगडी बनवली आमच्या वेल्डरने. जुनं तेलाचं पिंप, आत जाळी, बुडाला राख काढायचं दार. जेवणाच्या सुट्टीत बसून बसून केली. आधी साचे ओले राहायचे, वितळलेल्या धातूचा रस उसळायचा, माणसं भाजायची. ते थांबलं. त्याची इच्छा एवढीच, की पिंपावर आपलं नाव असावं.

पण सुपरवायझर त्याचाच जावई. मोठे साहेब बघायला आले तसा हा पुढे झाला, "कल्पना माझी, हात सासऱ्यांचे." थोड्याच दिवसांत जावयाच्या नावाची पितळी पाटी आली. बसवायलाही सांगितलं वेल्डरलाच.

वेल्डरने लगेच हत्यारं काढली. पाटी बसवली ती राखेच्या दारावर. आणि बिजागरी अशी वाकवली, की लाथ घातल्याशिवाय दार उघडू नये.

मग रोज सकाळी तेच.

"अरे, जावई गार पडलाय."

"घाल की लाथ."

"खातो पोतंभर, वर राखही आपणच काढायची."

पाटीवरचं नाव बुटांनी झिजून गेलं, हाक राहिली.

शेवटी जावई सासऱ्याकडे आला. "मामा, ते दार जरा घासून द्या ना."

"तापलं की लोखंड फुगतं, जावईबापू. कल्पना तुमची, तुम्हाला ठाऊक असेलच."

"मग पाटी काढा. तुमचं नाव लावा."

"छे, तुमचंच शोभतं."

मग त्याने बायकोला धाडलं. "बाबा, सोडा ना आता," लेक म्हणाली, "राग सगळा माझ्यावर काढतात ते."

वेल्डरचा चेहरा पडला. तो कानस शोधायला लागला. लेक शेगडीपाशी गेली. झिजलेली पाटी तिने नीट पाहिली, मग केबिनच्या काचेमागे उभ्या नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, कानस राहू द्या. कुठे मारायची ते सांगा."

दार पहिल्याच लाथेत उघडलं. इतकी नेमकी आमच्यात कुणाची बसली नव्हती. जावयाने केबिनचा पडदा ओढून घेतला आणि वेल्डर खाली वाकून राख ओढायला लागला.