धाकलीचा पेपर

वर्षालीला चाचणी हवी होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे पाड्यावर सगळे उलटंच बोलले.

सूर्यमाळच्या उतारावर तो पाडा आहे. शाळा म्हणजे एक खोली. पहिली ते चौथीची मुलं त्या एकाच खोलीत बसतात आणि शिकवायला वर्षाली एकटी. मानधनावरची नेमणूक, वय चोवीस, जीभ तिखट. ती शेजारच्याच पाड्यातली. त्यामुळे तिचं कुणाला कौतुक नव्हतं आणि तिलाही कुणाची भीड नव्हती.

ती आश्रमशाळेत शिकली. दरवर्षी तिला वर ढकललं. जव्हारला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला परिच्छेद वाचायला उभं केलं. दुसऱ्या ओळीवर ती अडकली. वर्ग हसला. सर म्हणाले, "बस. तुमच्याकडे असंच असतं." त्या 'तुमच्याकडे'वर ती अजून दातओठ खाते. पुढे ती वाचायला शिकली ती रागानेच. "मला वेळेवर कुणी नापास केलं असतं ना," ती म्हणायची, "तर मी त्याचे पाय धरले असते."

म्हणून तिला धाकली दिसली. धाकली तिसरीत होती आणि तिला अक्षर लागत नव्हतं. मुलगी मठ्ठ नव्हती. तिच्या शेजारी रोज तासभर कुणीतरी बसायला हवं होतं, एवढंच. चार वर्ग सांभाळून वर्षालीला तो तास मिळत नव्हता. दुसरा शिक्षक द्या, म्हणून ती केंद्रप्रमुखांच्या मागे लागली.

"चाचणी होऊ दे," साहेब म्हणाले. "सगळ्या देशात एकच पेपर. निकाल खाली आला तर मला वर मागता येईल. नुसत्या तुमच्या तोंडावर कोण देतो?"

हे तिला पटलं. खरं काय ते कागदावर येईल आणि कागद बघून माणूस येईल. त्या भरवशावर ती धाकलीच्या आईकडे, नवशीकडे गेली. दिवाळी झाली की नवशी नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. पोरगी बरोबर जायची आणि आधीचं सगळं विसरून यायची.

"वहिनी, हे एक वर्ष थांबा. मी तिला वाचायला शिकवते."

"तू शिकवशील?"

"शिकवते म्हटलं ना."

नवशी थांबली. नवरा एकटाच गेला.

तिसरीच्या चाचणीच्या दिवशी दिपेश नावाचा एक निरीक्षक आला. स्वतः अजून डी.एड. शिकणारा, गळ्यात ओळखपत्र, हातात मोहरबंद पाकीट.

"मॅडम, तुम्ही बाहेर. नियम आहे."

"मी बाहेरच आहे. तुम्ही आत राहा म्हणजे झालं."

तो आत राहिला नाही. पाकीट फोडल्याचा फोटो लगेच पाठवायचा, हाही नियम होता. पाड्यावर फोनला रेंज नव्हती. पेपर वाटून तो मोबाइल उंच धरत टेकडी चढायला लागला. वर्षाली लांब झाडाखाली बाकीच्या वर्गांना घेऊन बसली होती. तिने त्याला जाताना पाहिलं. आता येईल, असं तिला वाटलं.

तो आला तेव्हा पेपर संपला होता.

"मॅडम, काय पोरं आहेत तुमची! चिडीचूप."

"ही? चिडीचूप?"

तिने तिसरीची सगळी मुलं बाहेर बोलावली. त्यांत प्रगती सगळ्यात धीट.

"पेपर कसा गेला गं?"

"चांगला. आधी माझा केला. मग मंगेशचा. मग ओळीनं सगळ्यांचे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी बसून. धाकलीचा शेवटी. तिला येत नाय ना, तर तिचा नीट केला."

"कुणी सांगितलं असं करायला?"

"सांगायला कशाला पायजे?" प्रगतीला प्रश्नच कळला नाही.

वर्षालीला उत्तर कळलं. पाड्यावर आवणी, म्हणजे भाताची लावणी, सावडीने होते. आज सगळे एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं शेत मागे राहिलं त्याला सोडून कुणी घरी जात नाही. ही पोरं चालायला लागल्यापासून त्या चिखलात आहेत. पेपर वाटले गेले, सर टेकडीवर गेले, पोरं कामाला लागली. एकाच्याही तोंडावर चोरी नव्हती. काम उरकल्याचा आनंद होता.

ती दिपेशकडे गेली. "घडलं ते लिहा."

"मी खोली सोडली, असं लिहू? माझं प्रमाणपत्र अडेल, मॅडम."

"मग सोडली कशाला?"

"फोटो नसता गेला तरी अडलं असतं!" त्याने पाकिटाला चिकटपट्टी लावली. "सोडून द्या ना. निकाल चांगलाच लागेल."

"तोच तर नको आहे मला."

त्याने तिच्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि तो जीप गाठायला निघून गेला.

निकाल लागला. शाळा केंद्रात पहिली. केंद्रप्रमुख शाल आणि नारळ घेऊन स्वतः आले. शाळेच्या समितीची सभा भरली. खोली माणसांनी भरून गेली. मुलं मागे भिंतीला टेकून बसली.

"डोंगरातही दर्जा असतो, हे तुम्ही दाखवलंत," साहेब म्हणाले. "आणि एक शिक्षक पुरतो, हेही सिद्ध झालं."

टाळ्या पडल्या. वर्षाली उठली.

"साहेब, हा निकाल खोटा आहे. पोरांनी पेपर मिळून सोडवले. निरीक्षक खोलीत नव्हता."

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. "मॅडम, बसा."

"धाकलीला अक्षर वाचता येत नाही. तिला पैकीच्या पैकी पडलेत."

समितीचा अध्यक्ष लाडक्या. बोलायला पटाईत, गावातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. "आमचे पोरांना चोर बोलतेस काय गं?"

"चोर नाही म्हटलं, काका."

"मिळून केला, त्यात काय वाईट केला? मग तुज्या बापाच्या खाचरात आमी आवणीला उतरतो, ती बी चोरी?"

सगळे हसले. साहेबही हसले, तेव्हा ती जास्तच पेटली.

"भात कुणी लावलं ते पोट विचारत नाही, काका. वाचायचं मात्र ज्याचं त्यालाच लागतं. उद्या भट्टीवर मुकादम कागदावर अंगठा घेईल, तेव्हा प्रगती येणार आहे का शेजारी बसायला?"

"अंगठा घेतो तो आमचा," लाडक्या म्हणाला. "तुला काय त्याचा?"

साहेबांनी हात वर केला. "मॅडम, शहरातल्या मुलाला जे आलं पाहिजे ते इथल्यालाही आलं पाहिजे, हे तुम्हीच म्हणायचात ना? मग आता मोजलं तर त्रास का होतोय?"

"मोजा ना! मी कधी नको म्हटलं? पण तुम्ही मोजलं काय? धाकली मोजलीच नाही कुणी."

"हे बघा." आता त्यांचा आवाज खाली आला. "मी कॉपी असं लिहिलं तर शाळेवर शेरा येतो. पोरांचे पेपर रद्द. आणि तुमची नेमणूक पुढे कुणाच्या सहीने जाते, ते विसरू नका."

इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं. ती थांबली नाही. तिने टेबलावरचं तिसरीचं पुस्तक उचललं.

"धाकली, इकडे ये."

धाकली पुढे आली. नवा फ्रॉक घालून आली होती. शाळेला काहीतरी मिळणार आहे, एवढं तिला माहीत होतं.

"वाच. पहिला धडा."

धाकलीने पुस्तकाकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. भिंतीपाशी प्रगती पहिली ओळ पुटपुटली. मंगेशने तिचं ऐकून आवाज चढवला. मग सगळीच सुरू झाली. धडा तोंडपाठ होता त्यांना. पुस्तक धाकलीच्या हातात आणि धडा मागून येत होता. धाकली ओठ हलवत होती.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "वाचतेय की!"

"गप्प बसा रे!" वर्षाली ओरडली. असं ती कधी ओरडली नव्हती. पोरं दचकून गप्प झाली. "एकटीनं वाच, धाकली. एकटीनं. दाखव साहेबांना तुला काय येतं ते."

 धाकलीचे ओठ थांबले. ती पुस्तकात बघत राहिली, कान लाल होईपर्यंत. मग तिने पुस्तक हळूच जमिनीवर ठेवलं.

दाराजवळ कुणीतरी हसलं.

नवशी उठली. गर्दीतून वाट काढत पुढे आली. "झाला?" ती वर्षालीला म्हणाली. "दाखवला सगळ्यांना?" तिने पोरीचा हात धरला आणि ती बाहेर गेली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तुमचं म्हणणं ऐकलं मी," ते म्हणाले. लिहून काहीच घेतलं नाही. शाल मात्र लाडक्याने वर्षालीच्या खांद्यावर टाकली, फेकल्यासारखी.

निकाल होता तसाच राहिला. दुसरा शिक्षक आला नाही. पेपर रद्द होऊन वेगळं काही झालं असतं, असंही सांगता येत नाही. धाकली मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी वर्षाली तिच्या घरी गेली.

अंगणात गोणी बांधून ठेवली होती. वर पातेलं पालथं. नवशीने बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"कुठे निघालात, वहिनी?"

"भट्टीवर. जीप येते आता."

"तिला तरी ठेवा. माझ्याकडे राहील. मी संध्याकाळी बसवते तिला, रोज."

"आता बसवशील?" नवशी गोणीची गाठ ओढत होती. "आधी काय झाला होता?"

 वर्षाली म्हणाली, "खोटं होतं ते, वहिनी. ती नुसती कागदावर हुशार होती."

"कागदावर तरी होती ना," नवशी म्हणाली. "ती बी राहू दिली नाय तू."

धाकली ओट्यावर पाठमोरी बसली होती. वर्षालीने हाक मारली. तिने ऐकलं, हे तिच्या मानेवरून कळलं. ती वळली नाही. खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला, तेव्हा ती उठली, पातेलं डोक्यावर घेतलं आणि आईच्या आधी उतरून गेली.