गढूळ न झालेली नळी

चामटोलीची रंजना अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात अकरा वर्षे जंतुतपासणी करत होती. तिथे पेनिसिलिनच्या इंजेक्शनची भुकटी कुप्यांत भरली जाई. कुपीत चुकून जंतू शिरलेत का, हे पाहायचे तर आधी औषधाचा अंमल मोडावा लागतो. नाहीतर औषधच जंतूंना दाबून ठेवते आणि दूषित कुपीही निर्दोष ठरते. म्हणून रंजना प्रत्येक नळीत थोडे विकर, म्हणजे एन्झाइम, घाली. पेनिसिलिन मोडणारे हे विकर मुळात जंतूंनीच स्वतःच्या बचावासाठी घडवलेले.

आई गेली ती असल्याच जंतूंनी. उल्हासनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडत नाहीये." पुढचे तिला समजावून सांगावे लागले नाही.

बाराव्यानंतर ती कामावर आली तो शनिवार होता. सगळे नेमाने केले. विकराची बाटली तेवढी फ्रिजमध्ये ठेवायची राहिली. बंद एसीच्या उकाड्यात दोन दिवस काढून सोमवारी ती टेबलावर तशीच उभी होती. रंजनाने ती मुकाट्याने आत ठेवली आणि त्याच विकरावर पुढची बॅच तपासायला लावली. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही.

पाचव्या दिवशी हाताखालच्या अस्मिताने नळ्या उजेडात धरल्या. "ताई, लखलखीत सगळ्या! डोळे मिटून पास."

"ती शेवटची दे."

विकर काम करते ना हे पाहण्यासाठी त्या नळीत औषध आणि विकराबरोबर रंजनाने मुद्दाम जंतू सोडले होते. ते वाढून ती गढूळ व्हायलाच हवी होती. तिच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती.

विभागप्रमुख श्यामकांत सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "जंतूच मेलेले असतील हो. ही एक नळी नव्या विकराने पुन्हा लावा. बाकीच्या राहू द्या."

"औषध नसलेल्या नळीत तेच जंतू वाढलेत, सर. विकर निकामी झालंय. माझ्याच हातून बाहेर राहिलं."

"हे लिहिलंत तर चौकशी तुमच्यावर येईल. घरी एवढं झालंय, माणसं समजून घेतील. कागद नाही घेत, रंजनाबाई."

"हो."

तिने लिहिले: तारीख, किती तास बाहेर, कोणाकडून. खाली 'तपासणी अग्राह्य'. सरांनी चष्मा खाली ओढून पान वाचले. मग त्यांनीही सही केली आणि बॅच रोखायचा फोन लावला. चौकशी होईतो रंजनाने प्रयोगशाळेत यायचे नव्हते.

अस्मिता तिची पर्स घेऊन दारापर्यंत आली. "ताई, रडा की थोडं."

"येत नाही गं," रंजना म्हणाली आणि एप्रनची बटणे सोडू लागली.