धाकटीच्या अंगातलं भूत

परवा दुपारी टीव्हीवर तो जुना भुताचा सिनेमा लागला आणि माझ्या धाकट्या जावेची लेक हसून हसून लोळायला लागली. हसण्यासारखाच आहे म्हणा. भुताचे केस म्हणजे निव्वळ गंगावन, आणि तोंडाला एवढी पावडर की लग्नात नवरीलाही लावत नाहीत. पण मला हसू येईना. त्या सिनेमाला आशीर्वाद द्यावा की शिव्या घालाव्यात, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दुष्काळात आम्ही दोघी जावा जनावरं घेऊन तलवाड्याजवळच्या चारा छावणीत राहत होतो. माणसांना करमत नाही म्हणून छावणी चालवणाऱ्या सोसायटीच्या चेअरमननं गोदामात टीव्ही आणून ठेवला होता. खिडक्यांना बारदान लावून भर दुपारी आम्ही हाच सिनेमा पाहिला. धाकटी तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. दिवाळीनंतर तिला नवऱ्याबरोबर साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जायचं होतं. आदल्या हंगामात तिथंच मोळी उचलताना तिचं पहिलं पोट पडलं होतं. यंदा नको म्हणून ती सगळ्यांच्या हातापाया पडली, पण मुकादमाला नवरा-बायकोची जोडीच लागते.

दिवाळीला आम्ही घरी आलो आणि टोळीचा ट्रक यायच्या दोन दिवस आधी ती अंगणात घुमायला लागली. डोळे फिरवणं, मान टाकणं, घोगऱ्या आवाजात ‘सोडणार न्हाई’ म्हणणं, सगळं त्या सिनेमातलं. मी लगेच ओळखलं.

सासूबाईंनी मांत्रिक आणला. त्यानं खोलीचं दार लावून मिरच्यांची धुरी दिली आणि तिचे हात धरायला मला बसवलं. खरं बोलावं तर ती उसाच्या फडात जाणार, गप्प बसावं तर धुरात गुदमरणार. मी गप्प बसले. दोघी खोकून खोकून अर्ध्या झालो, पण तिनं काही कबूल केलं नाही. शेवटी झपाटलेली बाई टोळीत नको, असं मुकादमानंच कळवलं. पुढं लेक सुखरूप झाली.

लोकांनी मात्र ते भूत सोडलं नाही. धाकटीला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. बारशाला तिला पाळण्याजवळ जाऊ देत नाहीत. दर अमावस्येला दीर तिच्या खोलीला बाहेरून कडी घालतो. तो गावाला गेला की ती कडी मी घालते, आणि मला स्वतःची लाज वाटते.

सिनेमा संपला, लेक उठून बाहेर गेली. धाकटी ज्वारी निवडत बसली होती. मी म्हणाले, सासूबाई आता राहिल्या नाहीत, एकदा सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगून टाकते. तिनं सूप खाली ठेवलं.

“कोण मानंल, अक्का? मी सांगितलं तर म्हणतील, तिच्या अंगातलंच बोलतंय. तुमी सांगितलं तर म्हणतील, आता थोरलीलाबी लागलं.”