कुणावर गेली?

उद्याच्या प्रात्यक्षिकाच्या तयारीसाठी मी कांद्याच्या फुलांच्या गोंड्यातली कोवळी कळी काचपट्टीवर ठेचली, लाल रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. परागकण घडवणाऱ्या पेशीत गुणसूत्रं जोडीजोडीनं बिलगून बसली होती. जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. वेगळं होण्याआधी ती आपले तुकडे एकमेकांना देतात. मग पेशी दोनदा विभागते आणि प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला निम्मीच गुणसूत्रं येतात. कुठली निम्मी, हे कुणीच ठरवत नाही.

मला माझ्या लेकीचं बारसं आठवलं. बायका पाळण्यावर वाकून तिचं नाक, डोळे, कपाळ वाटून घेत होत्या. माझ्या आत्येसासूबाई म्हणाल्या, "आमच्यातलं काहीच उचललं नाही गं पोरीनं!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जीवशास्त्र शिकवणारी मी मान खाली घालून बसले.

कशाला घातली मी मान खाली? तिच्यात तुमचंही आहेच की, आत्याबाई. फक्त ते तुम्हाला विचारून दिलेलं नाही. साधी कांद्याची कळीसुद्धा जुनं जसंच्या तसं पुढे देत नाही, मग माझ्या पोरीनं का कुणाची नक्कल व्हावं?

येत्या रविवारी धाकट्या जावेच्या बाळाचं बारसं आहे. ती आत्तापासूनच धास्तावली आहे. मी पाळण्याला लागूनच उभी राहणार आहे. आत्याबाई वाकल्या की म्हणेन, "आधी बाळाला डोळे भरून बघा, आत्याबाई. तुमचं काय ते मग शोधा."